गहू सोडण्याआधी रक्त तपासा: गोव्यातल्या घरांसाठी ग्लुटेनमुक्त आहाराचे मार्गदर्शन

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की आमच्या वाड्यावरची मुले पिशव्या घेऊन फाटकाशी उभी राहतात. कुणाला उंडे, कुणाला पोयी, कुणाला चहात बुडवायला कांकणां. माझी भाचीही त्यांतलीच. अकरा वर्षांची होईपर्यंत तिने रोज पोयी खाल्ली, आणि त्या काळात तिचे हिमोग्लोबिन नऊच्या वर कधी गेले नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताचे औषध झाले, ‘पोरगी जेवत नाही’ हे बोलणे बहिणीने ऐकून घेतले. मग कुणीतरी सुचवले, गहू बंद करून बघा. केला. काही महिन्यांत पोर खुलली, पोट फुगायचे थांबले. आठेक महिन्यांनी एका डॉक्टरांनी सीलिॲक रोगाची, म्हणजे गव्हामुळे आतडे बिघडवणाऱ्या आजाराची, रक्तचाचणी लिहून दिली आणि ती निगेटिव्ह आली.

ती निगेटिव्ह येणारच होती. ही चाचणी गव्हाविरुद्ध शरीर लढते आहे का हे पाहते, आणि शत्रूच आठ महिने घरी आला नव्हता. खरे काय ते कळायला तिला पुन्हा दोन महिने चपाती खायला घालावी लागली. पोट दुखायचे तेव्हा ती आईकडे बघत बघत घास गिळायची. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटते, म्हणून या लेखात सगळ्यांत आधी हेच सांगते: शंका असेल तर गहू आज सोडू नका, आधी तपासणी करा.

ग्लुटेन म्हणजे काय आणि ते कुणाला बाधते

मळलेल्या कणकेचा गोळा नळाखाली धरून चोळत राहा. पांढरे पाणी वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तो लगदा म्हणजे मुख्यतः ग्लुटेन, गव्हातली प्रथिने. त्यांच्यामुळे चपाती ताणली जाते आणि पाव फुगतो. तांदळात ती नाहीत, म्हणून तांदळाच्या भाकरीला गरम पाणी घालून उकड काढावी लागते, नाहीतर कडा फाटतात. आपल्या आज्या हा फरक हाताने ओळखत होत्या. गव्हासारखीच प्रथिने जव आणि राय या धान्यांतही असतात.

गव्हाने त्रास होण्याचे प्रकार तीन, आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला सीलिॲक रोग. यात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न शोषणारे केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. मग जुलाब, पोटफुगी, वजन घटणे, मुलांची उंची न वाढणे हे दिसते. पण पुष्कळांना जुलाब होतच नाहीत. गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग, ठिसूळ हाडे, वारंवार येणारी तोंडातली फोडे, कोपर-गुडघ्यांवर खाजणारे पुरळ, गर्भ न राहणे, एवढेच काय ते दिसते. दुसरा प्रकार गव्हाची ॲलर्जी: खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप. तिची तपासणी वेगळी, आणि ती जिवावर बेतू शकते. तिसरा प्रकार, ज्यात चाचण्या स्वच्छ असतात तरी गहू खाल्ल्यावर पोट बिघडते. त्याविषयी पुढे.

सीलिॲकचा आणि गव्हाचा संबंध एका डच बालरोगतज्ज्ञाने लावला, विलेम कारेल डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि सगळा देश उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. डिके यांना आधीपासून वाटत होते ते खरे ठरले.

जगात साधारण शंभरात एकाला हा रोग असतो. भारतात हे प्रमाण सगळीकडे सारखे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या रोगात रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे (रोगप्रतिकार यंत्रणेची प्रथिने) उत्तर भारतात १.२३ टक्के लोकांत सापडली, दक्षिणेत ०.१० टक्क्यांत. या रोगाला लागणारी जनुके दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. आपण भात-कडीवर वाढलेले लोक. पण आता सकाळी पाव, डब्यात चपाती, संध्याकाळी बिस्किटे, रात्री मुलांना नूडल्स. ‘हा उत्तरेतल्यांचा आजार’ असे म्हणून गोव्यातल्या पंडुरोगी पोराकडे दुर्लक्ष करू नये, असे मला मनापासून वाटते.

पायरी पहिली: गहू चालू ठेवून तपासणी

फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि लक्षणे तारखांसह लिहून न्या. वर सांगितलेली लक्षणे असतील तर चाचणी मागायला संकोच करू नका. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार, डाऊन सिंड्रोम किंवा घरात कुणाला सीलिॲक असेल, तर लक्षणांची वाट न बघता विचारा.

पहिली चाचणी रक्ताची: टीटीजी-आयजीए (थोडक्यात टीटीजी). सीलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडे ती मोजते; आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार. तिच्याबरोबर एकूण आयजीए मोजून घ्या, हे आवर्जून सांगा. काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी तयार होते, त्यामुळे रोग असूनही अहवाल खोटा स्वच्छ दिसतो. चाचणीआधी रोजच्या जेवणात गहू असायला हवा. सोडलेला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा ते आठ आठवडे रोज निदान एक-दोन चपात्या किंवा पाव खाऊन मग रक्त द्यावे लागते. गव्हाची ॲलर्जी असल्याचा संशय असेल त्याने हे घरच्या घरी मुळीच करू नये.

टीटीजी वाढलेले आले तर पोटाच्या तज्ज्ञांकडे एंडोस्कोपी होते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे चार-सहा बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, हीच बायोप्सी. ऐकायला भीतिदायक वाटते, पण काम थोड्या मिनिटांचे. मुलांमध्ये टीटीजी फारच जास्त असेल तर कधीकधी बायोप्सीशिवायही निदान करतात, पण तो निर्णय तज्ज्ञांचा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जायचे असेल तर आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने सगळे अहवाल बरोबर ठेवा. एचएलए ही जनुकांची चाचणी पुष्कळदा उगाच केली जाते. ती सकारात्मक येण्याला फारसा अर्थ नाही, कारण तीस-चाळीस टक्के निरोगी माणसांतही ती जनुके असतात. ती नकारात्मक आली तर मात्र सीलिॲक जवळजवळ नाहीच असे समजावे. गहू आधीच सोडलेल्यांना तिचा थोडा उपयोग होतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘अन्न-असहिष्णुते’च्या चाचण्या, ज्यांत आयजीजी हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार तपासून पन्नास पदार्थांची वर्ज्य यादी देतात, त्यांवर पैसे घालू नका. त्या पदार्थाविरुद्धचे आयजीजी तो पदार्थ तुम्ही खाता एवढेच सांगते.

पायरी दुसरी: निदान झाले, आता स्वयंपाकघर

सीलिॲक असेल तर ग्लुटेनमुक्त आहार हेच औषध, तेही आयुष्यभराचे. ‘रविवारी एक पाव चालेल’ असे त्यात नाही. किती ग्लुटेन बाधते याचा अंदाज घ्या: रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसले आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन असते, म्हणजे ५० मिलिग्रॅमसाठी अर्धा ग्रॅम कणीक पुरे. चिमटीत मावेल इतकीच.

म्हणून खाण्याच्या यादीआधी भांड्यांकडे बघा. आमच्याकडे सगळ्यांत मोठी चूक गिरणीत झाली. तांदूळ घरचे, धुऊन वाळवलेले, पण दळले वाड्यावरच्या गिरणीत, जिथे आधी कुणाचे तरी गहू दळून झाले होते. भाचीचे टीटीजी चार महिने उतरेना आणि आम्ही तिलाच विचारत होतो, शाळेत काही खाल्लेस का. पोरीचा काही दोष नव्हता. गिरणीच्या जात्यात, डब्यात, हवेत गव्हाचे पीठ असतेच. ‘आधी थोडे तांदूळ घालून गिरण साफ करतो’ हे पुरेसे नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच दळू नका, किंवा लहान प्रमाणात मिक्सरवर दळा, नाहीतर सीलबंद ग्लुटेनमुक्त पीठ आणा.

वेगळे ठेवायचे ते असे: पीठ चाळायची चाळण, लाकडी डाव आणि लाटणे, पोळपाट, टोस्टर, लोण्याची आणि जॅमची बरणी (पावाचा चुरा तिथेच पडतो). स्टीलची आणि काचेची भांडी साबणाने नीट घासली की चालतात. बिडाचा तवा ज्याच्यावर चपात्या होतात, तो वेगळाच बरा. ग्लुटेनमुक्त डबे वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे गव्हाचे पीठ वरून पडणार नाही. तळणाचे तेलही वेगळे. मैद्याच्या शंकरपाळ्या तळलेल्या तेलात तळलेला पापड चालत नाही, तेल कितीही कढले तरी ग्लुटेन नाहीसे होत नाही.

घरातल्या सगळ्यांनी गहू सोडण्याची गरज नाही. पण रात्रीचे जेवण सगळ्यांचे एकच, भाताचे, ठेवले तर आजारी माणसाला आपण वेगळे पडलो असे वाटत नाही. माझ्या बहिणीने तसेच केले.

पायरी तिसरी: ताटात काय

इथे गोव्यातल्या माणसाचे नशीब चांगले. दिल्लीतल्या घरात गहू गेला की ताट रिकामे होते. आपल्याकडे गहू हा पाहुणा आहे, तांदूळ घरचा.

सकाळी उकड्या तांदळांची पेज आणि लोणचे किंवा खारातले तोर. नाचणीचे तिझन, गूळ-नारळाचा रस घालून. घावन, तांदूळ-उडदाची आंबोळी, सान्नां, नारळाच्या रसाबरोबर शिरवळ्या. दुपारी शीत-कडी, हुमण, सोलकढी, आळसांद्यांचे तोणाक, तांबडी भाजी, मुगागाठी, खतखते. रात्री तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. गोडात पातोळ्या, उकडीचे मोदक, मणगणे, दोदोल, तांदळाच्या रव्याची तवसळी, फणसाची सांदणे. हे सगळे मुळातच ग्लुटेनमुक्त आहे.

फसवणारे पदार्थ वेगळे. बांगडा किंवा इसवण रव्यात घोळवून तळतात, तो रवा गव्हाचा. तांदळाचे जाडसर पीठ लावा, कुरकुरीतपणा तोच येतो. बोलिनां रव्याची, बेबिंका मैद्याची, चवथीच्या नेवऱ्याही मैद्या-रव्याच्या. नेवऱ्यांची पारी तांदळाच्या उकडीची करून तळता येते, चव वेगळी लागते पण पोर खुश होते. आपल्या पोयीवर कोंडा असतो म्हणून ती ‘हलकी’ समजतात, पण तो गव्हाचाच कोंडा. पणजीतल्या, आसगावातल्या कॅफेत मिळणारा सावरडो पाव आंबवलेला असला तरी गव्हाचा. खपली गहू, बन्सी रवा, लापशी, शेवया, ‘मल्टीग्रेन’ आटा या सगळ्यांत ग्लुटेन आहे. खपलीला लोक औषधी समजतात आणि सीलिॲकच्या रुग्णाला प्रेमाने खायला घालतात, तो गव्हाचाच जुना प्रकार आहे. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या.

बिअर जवाची, म्हणून ती बंद. काजूची किंवा माडाची फेणी आणि हुर्राक यांत ग्लुटेन नसते (प्या असे सांगत नाही, विचारतात म्हणून लिहिले). माडाच्या सुरेचे व्हिनेगार चालते, माल्ट व्हिनेगार नाही.

एक धोका मात्र या सोयीतच लपलेला आहे. गहू काढून त्याच्या जागी फक्त पांढरा भात वाढला तर तंतू कमी पडतात, ब जीवनसत्त्वे घटतात, आणि मधुमेह असलेल्यांची साखर वर जाते. म्हणून उकडे तांदूळ, खाजनातला कोरगूट मिळाला तर तो, नाचणी, ज्वारी, बाजरी, कुळीथ, आळसांदे आलटून पालटून ठेवा. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि सीलिॲकमध्ये हाडांना त्याचीच गरज. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी नाचणी आणि उकडे तांदूळ मिळतात. सुटे धान्य आणले तर ताटात पसरून गव्हाचे दाणे निवडा आणि दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाळवा.

पायरी चौथी: दुकानातले लेबल

एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. तसा उल्लेख नसेल तर घटकांची यादी वाचा आणि ॲलर्जीची सूचना बघा. गहू, मैदा, रवा, जव, माल्ट यांपैकी काही दिसले की ठेवून द्या. सगळ्यांना चकवणारे दोन पदार्थ: हिंग आणि सोया सॉस. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधावा लागतो. सोया सॉस गव्हाबरोबर आंबवलेला असतो. तयार शागुती मसाला, सॉसेज, आइस्क्रीमचे कोन, ओट्स (गव्हाच्या शेजारी पिकतात, दळले जातात) हेही तपासा. औषधांच्या गोळ्यांबद्दल फार्मासिस्टला एकदा विचारून ठेवा.

आणि महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटे रोज आणू नका. त्यांत साखर आणि चरबी पुष्कळदा जास्त, तंतू कमी.

पायरी पाचवी: बाहेर जेवताना

फिश थाळीत भात, कडी, किसमूर, तिसऱ्यांचे सुके बहुधा चालते. मासळी मात्र रव्याची, आणि सगळे एकाच तेलात. ‘रवा लावू नका, तांदळाचे पीठ लावा, वेगळ्या तव्यावर भाजा’ असे थेट स्वयंपाक्याला सांगा, वेटरला नव्हे. गर्दीच्या वेळी हे होत नाही, म्हणून बाराच्या आधी जा. किनाऱ्यावरच्या कॅफेत पाटीवर ‘ग्लुटेन फ्री केक’ लिहिलेले असते. तो त्याच ओव्हनमध्ये, त्याच टेबलावर मैद्याच्या केकशेजारी होतो का, हे विचारल्याशिवाय खाऊ नये.

लग्नाला घरून डबा न्या. सत्यनारायणाचा शिरा गव्हाच्या रव्याचा. आम्ही प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावतो आणि भाचीसाठी पंचखाद्य वेगळे मागतो. आमच्या पुरोहितांनी एका शब्दानेही हरकत घेतली नाही. कॅथलिक शेजाऱ्यांना हीच अडचण मिस्सेत येते. पवित्र भाकर गव्हाचीच लागते, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते असे व्हॅटिकनने २०१७ च्या पत्रात स्पष्ट केले आहे. पाद्रींशी आधी बोलून ठेवावे. शाळेत वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, वाढदिवसाचा केक वाटताना तीच मुलाच्या उपयोगी पडते. उपवासाचे दिवस मात्र सोपे: वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, फक्त पीठ सुटे घेऊ नका.

चाचणी निगेटिव्ह आली, तरी गव्हाने त्रास होतो

तुमचा त्रास खोटा नाही. पण कारण ग्लुटेनच असेल असे नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी असते, ती आतड्यात आंबते आणि पोट फुगते. ओस्लोत ५९ जणांवर एक प्रयोग झाला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. त्यांना न सांगता कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टान, कधी काहीच नसलेला खाऊ दिला. जास्त पोटफुगी फ्रुक्टानने झाली. फ्रुक्टान कांद्यात आणि लसणीतही भरपूर असते. तेव्हा पाव सोडून कांद्याचे तोणाक खाणाऱ्याला बरे वाटले नाही, तर नवल काय?

असे करा. दोन आठवडे काय खाल्ले आणि काय झाले ते लिहा. मग चार ते सहा आठवडे गहू बंद ठेवा, दुसरे काही बदलू नका. मग तीन दिवस रोज दोन चपात्या खाऊन बघा. फरक स्पष्ट असेल तर तुमच्या पोटाला किती गहू झेपतो ते ठरवा. इथे भांडी वेगळी करायची गरज नाही, थोडासा गहू चालतो. फरक नसेल तर गव्हाला दोष देऊ नका आणि आहारतज्ज्ञांबरोबर कांदा, दूध, कडधान्ये यांकडे बघा.

आणि ज्यांना काहीच त्रास नाही

वजनासाठी, कांतीसाठी, ‘शरीर शुद्ध’ व्हावे म्हणून गहू सोडणाऱ्यांना त्यातून आरोग्याचा फायदा होतो असा पुरावा नाही. अमेरिकेत एक लाखाहून अधिक आरोग्यसेवकांच्या पंचवीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, २०१७ साली त्या छापून आल्या. ग्लुटेन कमी खाणाऱ्यांचे हृदयविकार कमी नव्हते. उलट संशोधकांनी इशारा दिला की ग्लुटेन टाळताना अख्खी धान्ये ताटातून जातात आणि त्याने हृदयाचे नुकसानच होऊ शकते. गहू सोडून बरे वाटले असे सांगणाऱ्या माझ्या ओळखीच्यांनी खरे तर बिस्किटे, पॅटिस, नूडल्स आणि रात्रीचे दोन पाव सोडले होते. ते सोडणे चांगलेच. त्यासाठी गव्हाच्या चपातीला दोषी धरायला नको.

सहा महिन्यांनी

टीटीजी पुन्हा मोजा. ते उतरत असेल तर आहार बरोबर चालला आहे, उतरत नसेल तर गिरणी, हिंग, तेल या क्रमाने शोध घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व तपासा. मोठ्यांनी हाडांची घनता एकदा मोजून घ्यावी. सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नका, अस्तर भरून आले की बहुतेकांना ते पुन्हा पचते.

याच वेळी आई-वडील, भावंडे, मुले यांची टीटीजी करून घ्या, लक्षणे असोत वा नसोत. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहात एकाला हा रोग सापडतो. माझ्या भाचीच्या धाकट्या भावाला काहीच त्रास नव्हता, चांगला गुटगुटीत. तो फक्त बहिणीला सोबत म्हणून लॅबमध्ये गेला आणि आम्ही त्याचेही रक्त देऊन आलो. त्याचे टीटीजी दहापटींनी वाढलेले निघाले. चपाती मात्र त्या दिवशीपर्यंत चालू होती, त्यामुळे निदान पहिल्याच खेपेला झाले.